डाव्या सीटवरचे मुंजाजी उस्ताद

मुंजाजी उस्तादांना 'ओरिएंटेशन' हा शब्द शेवटपर्यंत म्हणता आला नाही. ते 'वरंटेशन' म्हणायचे.

आमच्या शेठनी मोठ्या कंपन्यांचा माल उचलायला सुरुवात केली, तेव्हा त्या कंपन्यांनी अट घातली होती, की नव्या ड्रायव्हरला आधी रीतसर शिकवा आणि मगच आमच्या मालाची गाडी त्याच्या हातात द्या. म्हणून हिंगोलीच्या धान्यबाजाराच्या मोंढ्यापलीकडं, जिथं शेठचे ट्रक उभे राहायचे, त्या आवारातल्या पत्र्याच्या खोलीवर 'ओरिएंटेशन' असा फलक लागला. आत टीव्ही आला, प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. पुण्याहून एक तरुण साहेब आले. त्यांनी आम्हाला चित्रफिती दाखवल्या, चमकणारी जाकिटं वाटली, आमच्यासोबत फोटो काढले आणि ते परत गेले. पुढचं सगळं शिकवणं उस्तादांच्या गळ्यात पडलं. ते खोलीच्या दारातून कधी आत आले नाहीत. बाहेरूनच म्हणायचे, "वरंटेशन झालं आसल तर या आता गाडीपाशी."

त्या तुकडीत येण्याआधी मी बी.ए. होऊन घरी बसलो होतो. आमचं गाव सेनगाव तालुक्यात. घरी मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. ट्रॅक्टर चालवायचो, हेवी लायसन काढलं होतं, आणि त्यामुळं आपल्याला गाडी येते असा माझा पक्का समज होता. आमच्या तुकडीतल्या सगळ्यांचाच तसा समज होता. उस्तादांनी पहिले कितीतरी दिवस कुणाला किल्लीला हातच लावू दिला नाही.

उंच, वाळक्या अंगाचा माणूस. पांढरा पायजमा, खाकी सदरा, डोक्याला रुमाल. सदऱ्याच्या खिशात कायम फुटाणे. खुर्चीवर बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. एक तर केबिनच्या पायरीवर, नाहीतर केबिनमध्ये डाव्या सीटवर. आयुष्यभर उजव्या खिडकीत कोपर ठेवून गाडी चालवल्यानं त्यांचा उजवा हात डाव्यापेक्षा काळा होता. शिकवायला लागल्यापासून डाव्या खिडकीचं ऊन डाव्या हाताला लागायला लागलं. दोन्ही हात पुढं करून ते म्हणायचे, "आता कुठं दोन भाऊ सारखे होऊन राहिले."

पुसेगावजवळच्या एका वाडीत त्यांचं घर. त्यांचे वडील मेंढरं घेऊन पार विदर्भात उतरायचे आणि लहानपणी तेही सोबत चालायचे. पुढं क्लिनर झाले, मग ड्रायव्हर. किती वर्षं, किती गाड्या, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. अपघाताच्या गोष्टी सांगायची तर त्यांना चीडच होती. कुणी विचारलं तर म्हणायचे, "ते टीव्हीत बघा. हितं गाडी बघा."

दुसऱ्या की तिसऱ्या सकाळी त्यांनी मला बंद गाडीच्या स्टेअरिंगवर बसवलं आणि स्वतः खाली उतरले. थोड्या वेळानं आवाज आला, "मी कुठं हाय?"

मी दोन्ही आरशांत पाहिलं. काचेतून पाहिलं. मान बाहेर काढून पाहिलं.

"दिसत नाही, उस्ताद."

"मंग म्या मेलो."

ते गाडीच्या नाकाखाली, बंपरला जवळजवळ पाठ लावून उकिडवे बसून फुटाणे खात होते. मग त्यांनी इंजिन चालू केलं आणि आम्हा प्रत्येकाला पाळीपाळीनं त्याच जागी बसवलं. वसमतचा अझहर नावाचा एक जण आमच्यात होता, सगळ्यांत चेष्टेखोर. तो हसत हसत जाऊन बसला. उठून आला तेव्हा हसत नव्हता. उस्तादांनी त्यावर काही भाषण केलं नाही. फुटाण्यांची मूठ त्याच्यापुढं धरली, एवढंच.

त्यांची एक सवय मला फार उशिरा लक्षात आली. खाली असताना ते आम्हाला अरे-तुरे करायचे, अगदी बापानं करावं तसं. पण माणूस स्टेअरिंगवर बसला रे बसला, की त्याला 'तुमी' म्हणायचे. मागच्या घटकेला मला 'गाढवा' म्हटलेलं असलं, तरी केबिनमध्ये मलाच "भागवतराव, गेर बदला आता" म्हणायचे. मी एकदा कारण विचारलं.

"स्टेअरिंगवरल्या माणसाचा अपमान करायचा न्हाई," ते म्हणाले. "अपमान झालेल्या माणसाचं ध्यान रस्त्यावर ऱ्हात न्हाई. ते अपमानाकडं ऱ्हातं. ब्रेक उशिरा लागतो."

पास झालेल्या माणसाला त्यांच्याकडून एकच शब्द मिळायचा, 'बराबर'. तो ऐकायला आम्ही जीव टाकायचो.

अझहरचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. आम्ही नर्सीवरून पुसेगावकडं निघालो होतो. अझहर स्टेअरिंगवर, उस्ताद डावीकडं, मी केबिनमधल्या मागच्या फळीवर. एका वळणानंतर सगळा रस्ता मेंढरांनी भरलेला. पुढं घोड्यावर बिऱ्हाड, मागं एक बाई, कडेवर लेकरू. अझहरनं हॉर्न दिला. मेंढरं हलली नाहीत. त्यानं पुन्हा दिला, मग हात दाबूनच धरला आणि तोंडानं शिव्या सुरू केल्या. उस्ताद म्हणाले, "अझहरभाई, ऱ्हाऊ द्या." तोवर कळप बिथरला होता. एक कोकरू रस्त्याकडेच्या तारेच्या कुंपणात अडकलं आणि ओरडायला लागलं.

उस्ताद खाली उतरले. कोकराचा पाय तारेतून सोडवला, जखमेवर आपला रुमाल फाडून बांधला आणि त्या बाईच्या हातात दिलं. बाईनं त्यांना अशा काही शिव्या घातल्या, की आम्हालाच खाली बघावंसं वाटलं. ते हात जोडून उभे राहून ऐकत होते. तिचं संपल्यावर म्हणाले, "बाई, लेकरं शिकून राहिलीत. चुकलं."

परत येऊन बसले. अझहरला वाटलं आपलं संपलं. बऱ्याच अंतरानंतर उस्तादांनी गाडी कडेला घ्यायला सांगितली.

"राग आला व्हता?"

"जी."

"कुणाचा?"

अझहरनं मान वळवून मागच्या रस्त्याकडं पाहिलं. उस्ताद म्हणाले, "मेंढराचा कुणाला राग येत नसतो. तुमी घरून काहीतरी घेऊन आले आसाल. उद्या परत तुमीच बसा. ह्याच रस्त्यानं."

दुसऱ्या दिवशी तोच रस्ता, तिसऱ्या दिवशीही तोच. शेवटी एकदा पुन्हा कळप आडवा आला, तेव्हा अझहरनं इंजिन बंद केलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिला. शेवटचं मेंढरू पलीकडं गेलं. मग डावीकडून आवाज आला, "बराबर." अझहर आज चांगला ड्रायव्हर आहे, आणि तो त्या शब्दामुळं झाला असं स्वतःच सांगतो.

आमचं शिक्षण अर्ध्यावर आलं असताना कैलास आला. कैलास म्हणजे उस्तादांचा जावई. त्यांना एकच मुलगी, मीरा. तिला वसमतला दिलेली. कैलास तिथं छोटा टेम्पो चालवायचा, कधी कपाशी, कधी भाजी. आपल्या नवऱ्याला बाबांच्या इथं मोठी गाडी मिळावी ही मीराची इच्छा. शेठ तर पहिल्या दिवसापासून त्याला घ्यायला तयार होते. उस्तादच म्हणाले, "सगळ्यांसारखं वरंटेशन करील, सगळ्यांसारखा बसंल, मंग बघू."

कैलास देखणा, अंगानं भरलेला, बोलायला मोकळा. सासऱ्याला घरच्या रिवाजाप्रमाणं 'मामा' म्हणायचा, आणि उस्ताद त्याला आवारातही 'कैलासराव' म्हणायचे. दुपारी आम्ही सगळे झाडाखाली डबे सोडायचो. उस्ताद एरवी आमच्यात येऊन एखाद्याच्या डब्यातली मिरची उचलायचे. कैलास आल्यापासून ते पायरीवर एकटेच खायला लागले. जावयाशेजारी बसलेलं कुणी पाहू नये, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं.

गाडीवर हात मात्र कैलासचाच बसलेला होता. आम्हाला जे जमायला दिवस लागले, ते तो बघून करायचा. माल भरलेली गाडी मागं घेऊन फलाटाला अशी लावायचा, की हमालसुद्धा थांबून बघायचे. आम्ही उस्तादांच्या तोंडाकडं बघायचो. ते खिशात हात घालून फुटाणे शोधायचे. त्याला 'बराबर' म्हटलेलं मी एकदाही ऐकलं नाही.

शेवटची परीक्षा औंढ्याकडच्या उतारावर व्हायची. गाडीत हळदीची पोती, डाव्या सीटवर उस्ताद, मागं मी आणि अझहर. कैलासनं चढ सुरेख काढला. उतारालाही त्यानं चढतानाचाच गेर धरून ठेवला होता, उस्तादांनी शिकवल्याप्रमाणं. सगळं नीट चाललं होतं. तेवढ्यात मागून एक जीप आली, उतारावरच आम्हाला ओलांडून पुढं घुसली आणि आमच्या तोंडासमोर तिनं वेग कमी केला. कैलासनं ब्रेक वेळेवर मारला. चूक काहीच नव्हती. पण जीपमधल्या कुणीतरी हात बाहेर काढून काहीतरी हावभाव केला, आणि कैलासचं डोकं फिरलं. त्यानं गाडी पळवली. हॉर्न दाबून धरला. जीपच्या मागं लागला.

"कैलासराव, हळू."

"थांबा मामा, दाखवतो त्याला."

"हळू घ्या."

वळण जवळ येत होतं. कैलासनं ऐकलं नाही असं नाही. त्यानं वेग कमी केला, पण वळणाच्या अगदी तोंडावर. पोती मागं करकरली. गाडी वळणातून नीट बाहेर आली. जीप दिसेनाशी झाली.

उस्ताद म्हणाले, "थांबव. खाली उतर."

अझहरनं माझ्याकडं पाहिलं. स्टेअरिंगवरच्या माणसाला 'तू' म्हणताना आम्ही त्यांना पहिल्यांदाच ऐकत होतो.

कैलास उतरून मागं आमच्याजवळ येऊन बसला. उस्ताद सरकून उजव्या सीटवर गेले आणि हिंगोलीपर्यंत गाडी त्यांनी स्वतः आणली. त्यांना गाडी चालवताना मी तेवढंच पाहिलं. आवारात आल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर शेठना सांगितलं, "ह्याला गाडी देऊ नका. हात चांगले हायेत, डोकं गरम हाय."

"मामा, एक डाव चूक झाली," कैलास म्हणाला. आवाज खाली होता त्याचा.

"हितं मामा कुणी न्हाई."

कैलासनं जाकीट काढून पायरीवर नीट घडी करून ठेवलं आणि बाहेर पडला.

तो गेल्यावर अझहर धीर करून म्हणाला, "उस्ताद, मला तर तुमी परत बसवलं व्हतं."

"तू माझा जावई न्हाईस," उस्ताद म्हणाले आणि नळावर हात धुवायला गेले. बराच वेळ हात धूत राहिले.

दुसऱ्या दिवशी मीरा एसटीनं वसमतहून आली. कडेवर लहान मुलगी. आम्ही गाडीला ताडपत्री बांधत होतो, त्यामुळं सगळं ऐकू येत होतं. तिनं आरडाओरडा केला नाही. शांतपणे म्हणाली, "बाबा, दुसऱ्याचं पोरगं असतं तर तुमी परत एकदा बसवलं असतं. व्हय का न्हाई?"

"लोक म्हणतील, जावई म्हणून पास केला."

"म्हणू द्या की. तुमाला तर खरं ठाऊक व्हतं."

उस्तादांनी तिच्यासाठी चहा मागवला. चहा येईपर्यंत ती उभीच होती. पोरीनं आजोबाकडं हात पुढं केले, उस्तादांनीही केले, पण मीरानं तिला दुसऱ्या कडेवर घेतलं. "येते मी," म्हणाली. चहा आला तेव्हा ती फाटकाबाहेर गेली होती. उस्तादांनी तो ग्लास मला दिला.

त्या वर्षी पंचमीला मीरा माहेरी आली नाही. पुढच्या वर्षीही नाही. उस्तादांच्या घरी मी अधूनमधून जायचो. त्यांची बायको, इंदूकाकू, माझ्याशी बोलायच्या. म्हणायच्या, "यांनी सगळ्या जगाची लेकरं शिकवली. एक आपलं व्हतं तर त्याला हाकललं." उस्ताद अंगणात बसलेले असायचे, ऐकू जात असायचं.

मी एव्हाना गाडीवर लागलो होतो. आमची हळद सांगलीला जायची, पुढं कर्नाटकात, कधी तामिळनाडूतही. फेरी करून परत आलो, की आवारात उस्ताद भेटायचे. नवी तुकडी शिकत असायची. ते गाडीची चौकशी करायचे, टायरांवर हात फिरवायचे आणि अगदी शेवटी, दुसरीकडं बघत, विचारायचे, "वाटंत वसमतची गाडी भेटली का एखादी?"

वसमतच्या गाड्या पुष्कळ. पण त्यांना कुठली हवी होती ते मला माहीत होतं. कैलासला वसमतच्याच एका व्यापाऱ्यानं गाडी दिली होती. तो आता बारा चाकी चालवत होता, आणि दक्षिणेच्या रस्त्यावर त्याचं नाव चांगलं होतं. त्याच्या गाडीला साधं खरचटल्याचंही मी कधी ऐकलं नाही. हे मी उस्तादांना सांगायचो. ते मान हलवायचे. अपघात व्हावा असं त्यांच्या मनात कधी आलं नसणार, एवढं मी त्यांना ओळखतो. पण दर फेरीला जावई सुखरूप आल्याचं ऐकताना त्यांना आनंदाबरोबर आणखी काहीतरी होत असे. त्या एका उतारावर आपण त्याच्याबद्दल जे ठरवलं, ते खोटं ठरत चाललंय, हे त्यांना दर फेरीला कळत होतं.

एका उन्हाळ्यात कर्नाटकातल्या एका घाटात कैलासची गाडी माझ्यापुढंच लागली. उतार होता. एक बस जवळजवळ त्याच्या अंगावरून पुढं घुसली आणि नेमकी त्याच्यापुढं येऊन अडखळली. मी मागून बघत होतो. कैलासनं गाडी कडेला घेतली, बसला वाट दिली, आणि बस पार दिसेनाशी होईपर्यंत तिथंच थांबला. मग निघाला. खाली धाब्यावर आम्ही एकत्र जेवलो. मी त्याला दाजी म्हणायचो. बसचा विषय मी काढला तर म्हणाला, "जाऊ दे. त्याला घाई आसल." सासऱ्याचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही. उठताना मात्र म्हणाला, "तिथली नवी पोरं कशी हायेत?" 'तिथली' एवढंच.

परत आल्यावर मी उस्तादांना ते सगळं सांगितलं. ते पायरीवर बसले होते. फुटाण्यांचा हात तोंडापाशी जाऊन थांबला.

"राग न्हाई आला त्याला?"

"न्हाई दिसला."

"आला आसल. गिळला आसल." फुटाणे परत खिशात टाकत म्हणाले, "म्या त्याला परत एकदा बसवायला पायजे व्हतं, भागवत. आपलाच म्हणून न्हाई बसवलं. दुसऱ्याचा असता तर बसवलं असतं. मीरा बराबर बोलली व्हती."

"मग हे दाजीला सांगा की. मी फोन लावून देतो आत्ता."

"फोनवर सांगायची गोष्ट हाय का ही? समोर बसून सांगावं लागतं. पंचमीला जातो वसमतला. मीराला साडी घेऊन जातो."

पंचमी झाल्यावर मी विचारलं. इंदूकाकूंनी पेटीकडं बोट केलं. साडीची पिशवी तशीच परत आली होती. उस्ताद अंगणात होते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो.

"गेला नाहीत का?"

"गेलतो. पार दारापोतर गेलतो. बाहेर त्याची गाडी उभी व्हती. टायर बघितले, समदे बराबर. दार नुस्तं लोटेल व्हतं." त्यांनी रुमाल काढून पुन्हा गुंडाळला. "आत हसून राहिले व्हते. मीरा, तो, नात. पोरगी काहीतरी नक्कल करून राहिली व्हती वाटतं, समदे हसून राहिले व्हते. म्या आत गेलो असतो तर गप झाले असते."

"म्हणून परत आलात?"

"उगंच सणाच्या दिशी काहून लेकरांना तकलीफ द्या? जाईन अजून कवातरी. दिवाळी हाय, संक्रांत हाय."

काकू आतून म्हणाल्या, "असंच म्हणत बसा."

दिवाळीला उस्तादांना ताप होता. संक्रांतीच्या अलीकडं, एका सकाळी, नवीन शिकणारा एक जण नर्सी रस्त्यावर गाडी चालवत होता आणि उस्ताद डाव्या सीटवर होते. त्यानं काहीतरी विचारलं. उत्तर आलं नाही. उस्ताद विचारात असतील म्हणून तो तसाच पुढं गेला. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा त्यानं वळून पाहिलं, तेव्हा उस्तादांची मान खिडकीला टेकली होती आणि ओठ एका बाजूला ओढले गेले होते. त्या पोराचं कौतुक असं, की त्यानं घाबरून ब्रेक मारला नाही. गाडी हळू करत कडेला घेतली, आणि मागून आलेल्या एका मोटारीतून त्यांना हिंगोलीला आणलं.

मी आदल्या दिवशीच फेरीवरून आलो होतो. दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टरांनी नांदेडला हलवायला सांगितलं होतं. उजवी बाजू गेली होती. वाचा गेली होती. शेठनी जीप दिली, पण त्यांचा जीपचा ड्रायव्हर बाहेरगावी होता. मी बसणार होतो. तेवढ्यात फाटकातून कैलास आणि मीरा आत आले. काकूंनी फोन केला होता, आणि कैलास त्या दिवशी नेमका वसमतला होता.

मीरा धावत येऊन बापाच्या पायाशी बसली. कैलास मात्र थोडा दूरच उभा राहिला. इतक्या वर्षांनंतर माणसानं कसं पुढं व्हावं, हे त्याला कळत नव्हतं. मग त्यानं माझ्याकडं हात केला. "किल्ली दे. मी नेतो."

आम्ही उस्तादांना उचलून जीपच्या मागच्या सीटवर निजवलं. डोकं काकूंच्या मांडीवर. कैलास पांघरूण नीट करायला वाकला, आणि उस्तादांनी डाव्या हातानं त्याची बाही धरली. डोळे उघडले. घशातून एक आवाज काढला. शब्द नव्हता तो. पुन्हा तोच आवाज, पुन्हा तोच.

"पाणी मागून राहिले," कैलास म्हणाला.

मीरानं चमच्यानं पाणी ओठांशी नेलं. त्यांनी तोंड फिरवलं. पाणी गळ्यावर ओघळलं. बाही सोडली नाही. आवाज चालूच.

मी म्हणालो, "दाजी, ते पाणी नाही मागत."

"मंग?"

सांगावं की नाही, असं क्षणभर वाटलं. ते माझे शब्द नव्हते. पण ज्याचे होते त्याला ते आता कधी सांगता येतील, याचा भरवसा नव्हता. मी म्हणालो, "ते म्हणायचे, कैलासरावला मी परत एकदा बसवायला पाहिजे होतं. आपलाच म्हणून नाही बसवलं. चुकलं म्हणायचे."

कैलास वाकलेलाच राहिला. "मंग आले काहून न्हाईत कधी?"

"आलते. पंचमीला. तुमच्या दारापर्यंत आलते. आत तुम्ही हसत होता, म्हणून परत गेले."

मीरानं पदर तोंडात धरला. कैलासनं बाही सोडवून न घेता दुसरा हात उस्तादांच्या कपाळावर ठेवला.

"मामा, असू द्या," तो म्हणाला. "झालं ते झालं. मनात न्हाई माझ्या काई."

मला वाटलं, आता ते शांत होतील. पण ते कैलासच्या तोंडाकडं बघत राहिले आणि तोच आवाज काढत राहिले. मी सांगितलेलं त्यांना कळलं होतं की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही. कदाचित कळलं असेल, आणि तरीही ते त्यांना स्वतःच्या तोंडानं सांगायचं असेल.

काकूंनी त्यांची बोटं एक-एक करून बाहीवरून सोडवली. कैलास पुढं जाऊन बसला, मीरा त्याच्या शेजारी. जीपमध्ये जागा नव्हती, म्हणून मी मागं थांबलो. नांदेडहून उस्ताद परत आले नाहीत. वाचाही परत आली नाही. कैलास तिथं त्यांच्याजवळ बसून होता, असं काकू सांगतात.

त्या दिवशी जीप निघाली तेव्हा हिंगोलीच्या दवाखान्याचं आवार खड्ड्यांनी भरलेलं होतं. कैलासनं एकेक चाक जपून त्यातून काढलं. मागच्या काचेतून मला काकूंचा खांदा दिसत होता, आणि वर आलेला उस्तादांचा डावा हात. फाटकाशी जीप थांबली, रस्ता मोकळा होईपर्यंत उभी राहिली. तेवढा वेळ तो आवाज मला ऐकू येत होता. मग ती वळली, आणि मोंढ्याकडं जाणाऱ्या गाड्यांच्या गलक्यात मला काही ऐकू येईना.